दोन बोटांची उंची

सुप्तबद्धकोणासन चाललं होतं. योगाचा वर्ग संपायला वीसेक मिनिटं उरली की ते घ्यायची बऱ्याच ठिकाणी पद्धत आहे. पाठीखाली लोड, तळपायाला तळपाय, गुडघे दोन्हीकडे सोडलेले, डोळे मिटलेले. पंखे बंद केले की रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज एकदम मोठा होतो, तसा तो झाला होता. भिंतीकडच्या रांगेत साठीच्या एक काकू होत्या, घरचा लोड बरोबर घेऊन आलेल्या. शिकवणाऱ्या बाई शेजारून जाताना हळूच विचारून गेल्या, "काकू, बरं वाटतंय ना?" काकू म्हणाल्या, "हो, अगदी छान." आवाज जरा ओढलेला आला. हनुवटी छताकडे वळली होती, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या आणि दोन्ही हातांनी मॅटची कड धरलेली होती. धरलेली म्हणजे चांगली मुठीत. अंगठ्याची नखं पांढरी पडली होती.

ते "अगदी छान" मनातून जाईना. काकू खोटं बोलत नव्हत्या. दिवसभरात पाठ टेकायला मिळणं हेच ज्यांच्या वाट्याला क्वचित येतं, त्यांना कुठल्याही लोडावर आडवं झालं की बरंच वाटणार. बोटं मात्र वेगळं सांगत होती. अंगाखालची वस्तू आपल्याला धरून ठेवेल याचा त्यांना भरवसा नव्हता, म्हणून त्यांनीच काहीतरी धरून ठेवलं होतं. आधारासाठी घेतलेल्या वस्तूवर पडून माणूस स्वतःला सावरत राहतो, आणि वर त्यालाच विश्रांती समजतो. हे असं किती वर्गांत, किती घरांत रोज चालत असेल!

मराठी घरात लोड नवा नाही. बैठकीला गादी, भिंतीशी लोड, कोपराखाली तक्क्या, हे चित्र वाड्यांपासून लग्नाच्या कार्यालयापर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांत आहे. त्यामुळे योगासाठी लोड लागतो म्हटलं की पहिला हात त्याच्याकडेच जातो. मात्र बैठकीचा लोड टेकण्यासाठी केलेला असतो. त्याच्यामागे भिंत असते, निम्मा भार ती घेते. तो जाडजूड असला तरी चालतं, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळता असला तर उलट शोभून दिसतो. योगाच्या लोडामागे कुणीच नसतं. पाठीचा सगळा भार त्याला एकट्याला घ्यायचा असतो, तोही दहा-पंधरा मिनिटं, आणि कण्याच्या दोन्ही बाजूंना सारखा. मध्ये फुगीर लोडावर पाठ ठेवली की बरगड्यांचा पिंजरा टेकडीवर चढल्यासारखा वर जातो, कंबर आणि मान दोन्हीकडच्या उतारांवर लोंबतात. काकूंचा लोड तसाच होता, वरती सुंदर जरीकाठाची खोळ घातलेला. त्यावरून आपण घरंगळू, असं शरीराला वाटत होतं. शरीराला तसं वाटायला पुरेसं कारण होतं.

योगाचा गोल लोड साधारण ६० ते ६५ सेंटीमीटर लांब आणि २२ ते २४ सेंटीमीटर व्यासाचा असतो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी एकसारखा. चपटा लोड तेवढाच लांब, ३० सेंटीमीटरच्या आसपास रुंद आणि १५ सेंटीमीटर उंच. या दोघांत कोणता घ्यावा हा प्रश्न सगळे विचारतात आणि दुकानदार ज्याचा साठा जास्त तो पुढे करतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने, पाठ आखडलेल्याने, पन्नाशी ओलांडलेल्याने चपटा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचा माथा रुंद असल्यामुळे पाठ दोन्ही बाजूंना टेकते आणि तो घरंगळत नाही. शिवाय सात ते नऊ सेंटीमीटर उंची कमी, त्यामुळे कंबरेला एकदम मोठी पायरी चढावी लागत नाही. कमी पडला तर वर ब्लँकेटची घडी टाकून उंची वाढवता येते. गोल लोड उंच पडला तर तो कापून कमी करता येत नाही. गोलाचा गुण वेगळा. त्याचा माथा अरुंद असल्यामुळे खांदे दोन्हीकडे खाली सांडतात आणि छाती जास्त उघडते. ज्यांची पाठ आधीच मोकळी आहे त्यांना ते मानवतं. ज्यांची नाही, त्यांची फक्त मुठीची पकड घट्ट होते.

पुण्यात लोड हा शब्द योगाच्या वर्गात ज्या सहजतेने वापरला जातो, त्यामागे एका माणसाची कित्येक दशकांची खटपट आहे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले, वय अवघं अठरा, आणि इथलेच झाले. १९७५ मध्ये त्यांनी पत्नीच्या नावाने, रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था शिवाजीनगर भागात सुरू केली. दोर, पट्टे, लाकडी विटा, खुर्च्या आणि लोड, आजारी आणि ताठरलेल्या माणसालाही आसनात राहता यावं म्हणून ही सगळी साधनं त्यांनी बारकाईने घडवली. आज जगभरातल्या योगवर्गांत बोल्स्टर म्हणून जे मिळतं, त्याचा मोठा धागा इथे येऊन पोचतो. परदेशातला विद्यार्थी पुण्यात महिनाभर शिकून जातो आणि तिकडे गेल्यावर त्याच मापाचा, कापसाचा, दाबून भरलेला लोड शोधत फिरतो. आपल्याकडे तो गल्लीतल्या गादीवाल्याकडे करून मिळतो, आणि आपण ऑनलाइन चित्र बघून फुग्यासारखा हलका काहीतरी मागवतो. याचं वाईट वाटतं.

उंची हा या सगळ्यातला कळीचा मुद्दा आहे, आणि तो आजचा नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या बैठकीचं वर्णन येतं. तळाशी कुशाचे न मोडलेले अंकुर, मध्ये धुतलेल्या वस्त्राची घडी, वर मृगाजिन, म्हणजे हरणाचं कातडं. दर्भ कोवळे, सारखे, नीट एकमेकांशी बसतील असे अंथरायचे. आणि मग लगेच सावधगिरी: हे उंच झालं तर अंग डोलेल, नीच झालं तर भूमिदोष लागेल. गीतेच्या मूळ श्लोकात फार उंच नको, फार नीच नको एवढंच आहे. का नको, ते ज्ञानदेवांनी सांगितलं. अंग डोलेल! लोडाच्या कडेवर मांडी घालून बसलेल्या माणसाकडे बघा, नेमकं तेच होतं. कंबर किंचित पुढे, किंचित मागे, सारखी हलती. आणि जमिनीवर सपाट बसलेल्याची कंबर मागे ढळते, पाठीला पोक येतो, गार फरशी वर चढते. अचूक उंची या दोघांच्या मध्ये कुठेतरी असते आणि ती प्रत्येकाची वेगळी असते.

बसण्याची उंची ठरवायची साधी खूण आहे. मांडी घातल्यावर गुडघे कंबरेच्या खोबणीपेक्षा, म्हणजे मांडी कंबरेला मिळते त्या सांध्यापेक्षा, वर राहिले तर बैठक कमी पडतेय. गुडघे खोबणीच्या पातळीला किंवा जरा खाली आले की कंबरेचा भाग आपोआप सरळ उभा राहतो, पाठ ताणून धरावी लागत नाही. त्यासाठी लोड आडवा ठेवून त्याच्या पुढच्या एक तृतीयांश भागावर बसायचं. मधोमध बसलं तर मांड्याही लोडावर चढतात आणि कंबर परत मागे ढळते, मग उंचीचा उपयोग काय? इथे गोल लोड घेऊच नये, तो पुढे सरकतो. गुडघे हवेत तरंगत असतील तर त्यांच्याखाली घडी घालावी. तरंगणारा गुडघा जांघेला सतत ओढत राहतो आणि दहा मिनिटांनी दुखतो तो मात्र गुडघा, त्यामुळे दोष भलत्याच सांध्यावर जातो.

आता काकूंच्या आसनाकडे.

सुप्तबद्धकोणासनात लोड मॅटवर उभा, म्हणजे लांबीला लांबी धरून ठेवायचा आणि त्याच्या आखूड बाजूकडे पाठ करून जमिनीवर बसायचं. बैठक लोडाच्या टोकाला जवळपास टेकलेली. आधी तळपाय जुळवून घ्यायचे, मग दोन्ही हात मागे टेकून, कोपरांवर भार घेत, एकेक मणका लोडावर उतरवायचा. बैठक जमिनीवरच राहते. उतरताना हाताने बैठकीचं मांस टाचांच्या दिशेने सारलं की कंबर लांब होते. एवढं करूनही कंबरेत चिमटा बसला तर तीन उपाय, आणि याच क्रमाने. आधी लोडापासून दोन बोटं पुढे सरकून बघायचं. नाही जमलं तर बैठकीखाली ब्लँकेटची एक घडी घालायची, म्हणजे बैठक आणि पाठ यांच्यातली पायरी लहान होते. तरीही चिमटा राहिला तर तो लोड आपल्यासाठी उंच आहे. तो काढायचा आणि दोन-तीन ब्लँकेटं लांबट घडी करून त्यावर झोपायचं. बरेच जण तिसऱ्या उपायाला कमीपणा समजतात. लोडावरचं आसन "खरं" आणि ब्लँकेटवरचं "सोपं", असं काही नसतं. कंबरेत चिमटा घेऊन दहा मिनिटं पडून राहण्याने काय मिळतं, हे मला कुणी समजावून सांगावं.

डोक्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं आणि सर्वांत जास्त बिघाड तिथेच होतो. लोडावर पाठ उचलली गेली की डोकं मागे पडतं, हनुवटी वर जाते, मानेचा मागचा भाग आखडतो. घसा ताणला जातो, श्वास वरच्यावर होतो, डोळे मिटलेले असले तरी पापण्यांच्या आत बुबुळं वर चढतात आणि डोकं शांत होतच नाही. कपाळ हनुवटीपेक्षा किंचित वर असायला हवं. नजर आतल्या आत छातीकडे उतरावी, इतपत. त्यासाठी डोकं आणि मान यांच्याखाली ब्लँकेटची घडी, खांद्यांखाली बिलकूल नाही. घडीची कड खांद्यांना लागते तिथे संपायला हवी. उंच माणसाचं डोकं पुष्कळदा लोडाच्या टोकावरून बाहेर लोंबतं, त्याला टोकापाशी विटेवर घडी रचून तेवढीच पातळी करून द्यावी लागते. घडी किती जाड? नेहमीच्या सुती ब्लँकेटच्या चौपदरी घडीपासून सुरुवात करावी, ती साधारण दोन बोटं भरते. तेवढ्यानं बहुतेकांचा घसा सुटतो. पाठ जास्त गोलावलेली असेल तर आणखी दोन पदर.

मांड्यांचंही तसंच. गुडघे खाली लोंबत असतील आणि आतून जांघ तुटतेय असं वाटत असेल, तर दोन्ही मांड्यांच्या बाहेरच्या अंगाला गुंडाळलेली चादर किंवा विटा लावाव्यात. पट्टा असेल तर कंबरेच्या खालच्या हाडावरून आणून पावलांभोवती घ्यावा, म्हणजे पाय पुढे घसरत नाहीत. पाच मिनिटांपासून दहापर्यंत राहावं. उठताना सरळ उठू नये. हातांनी गुडघे वर उचलून जुळवायचे, उजव्या कुशीवर उतरायचं, क्षणभर थांबून हाताच्या रेट्याने बसायचं. सरळ उठणाऱ्यांची कंबर ज्या झटक्याने भरते, तो झटका पुढे आठवडाभर पुरतो.

लोडाच्या आत काय आहे, ते खोळीवरून कळत नाही. वजन मात्र खोटं बोलत नाही. नीट भरलेल्या कापसाच्या लोडाचं वजन तीन किलोच्या आसपास भरतं, कधी थोडं जास्त. त्याच मापाचा साध्या फोमचा लोड जेमतेम किलोभर. ऑनलाइन घेताना वजन लिहिलेलं असतं, ते आधी बघावं. किलोभराचा "कॉटन बोल्स्टर" म्हणजे सुती खोळ आणि आत दुसरंच काहीतरी. फोम वाईट असतो असं नाही, पण तो परत ढकलतो. श्वास सोडला की पाठ खाली जाते आणि फोम तिला पुन्हा उचलतो, त्यामुळे शरीर पूर्ण बसत नाही. कापूस दबतो आणि दबलेलाच राहतो, शरीराच्या वळणाला थोडी जागा करून देतो. दम्याच्या किंवा धुळीच्या ॲलर्जीच्या माणसाने मात्र कापसाचा हट्ट धरू नये. त्याला फोमच्या तुकड्यांचा दाबून केलेला घट्ट, वजनदार लोड चांगला. फायबर भरलेले लोड उशीसारखे असतात. ते पहिल्या आठवड्यात सुखाचे वाटतात आणि महिन्याभरात मधोमध घळ पडते. सावरीचा कापूस मऊ आणि हलका, उशीला उत्तम, लोडाला नको. तो पाठीच्या भाराखाली लवकर चुरतो.

गादीवाल्याकडे करून घ्यायचा असेल तर जाऊन बसावं, समोर करून घ्यावा. पूर्वी दारोदार फिरणाऱ्या पिंजाऱ्याच्या पिंजणाचा तुणतुणता आवाज आला की घरातल्या गाद्या बाहेर निघायच्या. आता यंत्रावर पिंजतात, पण कापूस ओळखायची पद्धत तीच. चिमूटभर घेऊन दोन्ही हातांनी ओढावा. चांगला कापूस लांब तंतू सोडत हळूहळू तुटतो, हलका माल फटकन तुटून हातात भुगा येतो. सरकीचे काळे कण दिसले तर साफ केलेला नाही. लाल-निळे धागे दिसले तर तो जुन्या चिंध्या पिंजून केलेला माल आहे, त्याच्या सहा महिन्यांत गाठी होतात. आतली पिशवी जाड मांजरपाटाची शिवायची. २३ सेंटीमीटर व्यासाच्या गोल लोडाचा घेर ७२ सेंटीमीटर येतो, तेव्हा शिलाई धरून ७५ बाय ६५ चा एक तुकडा आणि टोकांसाठी २५ सेंटीमीटरच्या दोन चकत्या. कापूस मुठी-मुठीने कोंबून भरला तर प्रत्येक मुठीची एक गाठ आत राहते आणि ती मणक्याला बरोबर सापडते. थर पसरून, थरावर थर घालत, काठीने ठोकत भरायला सांगावं. गादीवाले आधी कुरकुरतात, वेळ जास्त लागतो. समजावून सांगितलं, की पाठ दुखणाऱ्या माणसासाठी आहे, तर बहुतेक जण मन लावून करतात. भरताना तो जरा जास्तच टणक वाटेल इतका भरावा, वापरात कापूस बसतोच.

तपासायचं कसं? कोपर रोवून बघावं. जमीन लागल्यासारखी वाटली तर तो लोड नाही, उशी आहे. मग आडवा ठेवून त्यावर बसावं, दोन बोटांपेक्षा जास्त खाली गेला तर अजून कापूस हवा. आणि उघड्या तळहाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपत जावं. गाठ, खड्डा, मऊ जागा हाताला लगेच लागते. दुकानात असं करताना संकोच वाटू देऊ नये. भाजीवाल्याकडे आपण टोमॅटो दाबून बघतोच की.

खोळीबद्दल थोडंच. सुती, काढता येणारी, गडद रंगाची. चेन लांबीच्या शिलाईवर नको, टोकाच्या चकतीपाशी हवी, नाहीतर पंधरा मिनिटांत तिचे दात पाठीवर उमटतात. उचलायला पट्टा लावतात तोही एकाच टोकाला असावा आणि ते टोक नेहमी पायांकडे ठेवावं. मखमल, सॅटिन, जरी, काहीही घसरणारं किंवा टोचणारं नको.

विपरीत करणीसाठी, म्हणजे पाय भिंतीवर उभे टेकवून पडायच्या आसनासाठी, लोड भिंतीला समांतर ठेवतात. इथली सर्रास चूक म्हणजे लोड भिंतीला चिकटवणं. मधे १० ते १५ सेंटीमीटर जागा हवी, उंच माणसाला आणि मांडीच्या मागच्या शिरा आखडलेल्याला आणखी थोडी. कुशीने बसून, एक कूल्हा भिंतीला लावून, पाय वर फिरवायचे. कंबरेचं खालचं हाड लोडावर, बैठक त्या मधल्या फटीत थोडी उतरलेली, खांदे जमिनीवर. असं झालं की पोट एका उथळ वाटीसारखं शांत पडतं. बैठक फटीत न उतरता लोडावरून उलट डोक्याच्या दिशेने घसरत असेल तर सगळा भार मानेकडे येतो, तेव्हा गुडघे वाकवून, पावलं भिंतीला रेटून पुन्हा जागेवर यावं. काचबिंदू, डोळ्याच्या पडद्याचा त्रास, न आवरलेला रक्तदाब असेल त्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. पाळीच्या दिवसांत अय्यंगार परंपरेत उलटी आसनं वर्ज्य मानतात. गरोदरपणाच्या पुढच्या महिन्यांत सपाट पाठीवर झोपणं टाळावं लागतं. तिथे दोन लोड एकमेकांवर तिरके रचून केलेला उतार कामी येतो, पण तो जाणत्या शिक्षकासमोरच.

अधोमुख वीरासनात, ज्याला बालासन म्हणूनही ओळखतात, लोड दोन मांड्यांच्या मधून थेट जांघेपर्यंत ओढून घ्यायचा. अर्धवट ओढला तर पोट लोंबतं आणि छातीच तेवढी टेकते. बैठक टाचांना पोचत नसेल तर भार पुढे डोक्यावर ओतला जातो, म्हणून टाचा आणि बैठक यांच्यामध्ये घडी. डोकं एकाच बाजूला वळवून पडून राहू नये, निम्म्या वेळाने दुसरीकडे वळवावं. शवासनात गुडघ्यांखाली आडवा लोड घेतला की कंबर जमिनीला सरावते. टाचा अधांतरी राहिल्या तर त्यांनाही घडी द्यावी.

प्राणायामासाठी आणखी एक लोड असतो, बारका, १२ ते १५ सेंटीमीटर रुंद आणि सहा-आठ उंच. तो फक्त कण्याला आधार देतो, बरगड्या दोन्हीकडे मोकळ्या सोडतो. हा आवर्जून घेण्यासारखा आहे, पण दुसऱ्या वर्षी. तोवर चादरीची लांबट घडी तेच काम चोख करते.

चादरीवरून आठवलं, लोड नसेल तर अडत नाही. तीन-चार सोलापुरी चादरी घ्याव्यात, एकेक ६० सेंटीमीटर रुंदीच्या पट्टीत घडी करून एकापुढे एक थोड्या चढवून अंथराव्यात आणि गच्च गुंडाळत जावं. गुंडाळताना तळहात मध्यावर दाबलेले ठेवावे, नाहीतर गुंडाळी एका बाजूने शंखासारखी बाहेर येते. दोन ठिकाणी नाडीने बांधावं, गाठी खालच्या बाजूला. घरोघरच्या जुन्या गोधड्या यासाठी आणखी चांगल्या. त्यांचं धावदोऱ्याचं शिवण पदरांना सरकू देत नाही. कपाटात वर्षानुवर्षं नॅफ्थलीनचा वास घेत पडलेल्या गोधडीला हे काम मिळालं की मला फार बरं वाटतं.

कापसाच्या लोडाला ऊन लागतं. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत, तळमजल्यावर तर जास्तच, तो ओल धरतो आणि श्रावणापर्यंत कुबट वास यायला लागतो. फरशीवर ठेवू नये, फळीवर उभा ठेवावा. एकावर एक रचून ठेवले तर खालचा चपटतो. ऑक्टोबरचं ऊन पडलं की गच्चीवर दोन्ही बाजूंनी दोन-तीन तास, मध्ये काठीचे चार फटके. कापूस फुलून येतो, हातालाच कळतं. काही वर्षांनी बसला की आतली पिशवी उसवून तोच कापूस पुन्हा पिंजून घ्यावा. फोम बसला की फेकावा लागतो.

काकूंजवळ शिकवणाऱ्या बाई दुसऱ्यांदा आल्या त्या काही न विचारता. कडेच्या ढिगातून त्यांनी दोन ब्लँकेटं उचलली. काकूंना कोपरांवर थोडं उठवलं, तो जरीचा लोड बाजूला काढला, त्याजागी चपटा सरकवला, आणि हाताच्या खुणेने जरा पुढे सरकायला सांगितलं. दोन्ही गुडघ्यांच्या बाहेर लाकडी विटा. मग एका ब्लँकेटची चौपदरी घडी करून डोक्याखाली घातली, कड खांद्यापाशी सारखी केली, आणि काकूंच्या डोक्याची मागची बाजू दोन्ही तळहातांत धरून मानेपासून लांब केली. हनुवटी खाली आली. काकू यावेळी काही बोलल्या नाहीत. मॅटच्या कडेवरची पकड लगेच सुटली नाही. आधी करंगळ्या सैल झाल्या, मग मधली बोटं, अंगठे सगळ्यात शेवटी. थोड्या वेळाने दोन्ही तळहात उलटून वर तोंड करून पडले होते आणि मॅटच्या कडेला मुठीची सुरकुती तेवढी उरली होती.